गाळा पुरेना: हलायचं की आहे तिथेच भागवायचं?

भोसरी-चिंचवड पट्ट्यातल्या एखाद्या जॉबवर्कच्या, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून देणाऱ्या, वर्कशॉपमध्ये जा. धंदा बरा चालला असेल तर मालक चहा सांगायच्या आधी जागेचं रडगाणं सांगतो. दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या कटाईच्या मशीन), कोपऱ्यात कॉम्प्रेसर आणि मधल्या वाटेत कास्टिंगचे क्रेट. नवी पार्टी ऑर्डर द्यायला तयार आहे, पण पुढची मशीन ठेवायची कुठे? मग एजंटला फोन जातो आणि चाकणकडे शेड बघायला सुरुवात होते.

हा लेख त्या फोनच्या आधी वाचायचा आहे. उदाहरणं मशीनिंगच्या धंद्यातली आणि पुण्याच्या उत्तरेकडची आहेत, कारण हिशेबाच्या निमित्ताने माझं जाणं-येणं तिथेच जास्त. तुमचा धंदा छपाईचा, फर्निचरचा किंवा मसाल्यांचा असेल तर आकडे बदलतील, विचाराचा क्रम तोच राहील. माझं मत आधीच सांगून टाकतो: जागा बदलण्याचं खरं ओझं भाड्यात कमी आणि माणसांत व पार्टीच्या मंजुरीत जास्त असतं. बहुतेक जण मात्र चौरस फुटाचा दर विचारून निघतात.

आधी खडू घ्या

गाळा बंद असेल त्या दिवशी, म्हणजे या भागात गुरुवारी, तीन रंगांचे खडू घेऊन जमिनीवर आखणी करा. मशीन उभी आहे आणि ऑपरेटरला वावरायला लागते ती जागा पांढऱ्या खडूने. आज-उद्या हलणारा माल पिवळ्याने. महिनाभर ज्याला कोणी हात लावला नाही ते सगळं लाल.

लाल रंग बघून मालकाचा चेहरा बदलतो. एका वर्कशॉपमध्ये जवळजवळ एक तृतीयांश जमीन लाल निघाली. बंद झालेल्या पार्टीची फिक्स्चर्स (पार्ट पकडायचे साचे), ‘विकायची आहे’ म्हणून झाकून ठेवलेली जुनी लेथ, पॅकिंगच्या लाकडी पेट्या आणि मुख्य म्हणजे रिजेक्ट कास्टिंग. हे कास्टिंग पार्टीच्या मालकीचं. परत पाठवायला पार्टीच्या क्वालिटीवाल्याची सही लागते, तो येत नाही, म्हणून ढीग वाढत जातो. त्या ढिगासाठी तुम्ही दरमहा भाडं भरत असता. पार्टीला ढिगाचा फोटो, तारीख आणि वजन घालून एक मेल टाका. ‘अमुक तारखेपर्यंत उचललं नाही तर तुमच्या पुढच्या गाडीतून पाठवू’ एवढं लिहिलं तरी बराच माल हलतो.

लाल भाग चतुर्थांशाहून जास्त असेल तर महिनाभर शेड बघायला जाऊच नका. आधी तो मोकळा करा, भिंतीला रॅक लावा, कॉम्प्रेसर बाहेर पत्र्याखाली नेता येतो का बघा, आणि मग पुन्हा आखा.

कारण एका ओळीत लिहा

कागदावर एकच वाक्य: ‘आम्हाला हलायचं आहे, कारण…’ पुढे जे येईल त्यावरून पुढचं ठरतं.

‘पार्टी आली की लाज वाटते’, ‘शेजारचा रांजणगावला गेला’, ‘मालकाने भाडं वाढवलं’ ही कारणं खरी असतात, पण तेवढ्यावर उठून जाण्याइतकी वजनदार नसतात. वाढलेलं भाडं नव्या जागेच्या भाड्यापेक्षा बहुधा कमीच असतं.

वजनदार कारणं मोजकीच. वीज वाढवून मिळत नाही आणि मिळण्याची शक्यताही नाही. ट्रेलर सोडा, आयशरसुद्धा गल्लीत वळत नाही, म्हणून प्रत्येक खेपेला माल छोट्या हत्तीतून नाक्यावर नेऊन बदलावा लागतो. पार्टीच्या ऑडिटमध्ये जागेवरून शेरा पडला आहे आणि त्याला तारीख आहे. किंवा जागाच मुळात बेकायदा आहे.

हे शेवटचं कारण लोक हसण्यावारी नेतात. २०२५ च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडीत अनधिकृत बांधकामांवर बुलडोझर चालवले. त्यात भंगाराची गोदामं होती, तशी लहान वर्कशॉप्सही होती. भाडेकरू म्हणून तुम्ही नियमित भाडं भरलं, बिलं भरली, तरी पत्रा पडायला लागला की मशीन तुमचीच उघड्यावर येते. तुमचा गाळा अशा जागेत असेल तर हा लेख ‘हलायचं की नाही’ यासाठी वाचू नका, ‘कुठे आणि केव्हा’ यासाठी वाचा.

मधले रस्ते

हलणं आणि न हलणं यांच्यामध्ये बरंच काही आहे. दुसरी शिफ्ट चालू करता येते का? एका शिफ्टमध्ये चालणारी मशीन म्हणजे अर्ध्याहून जास्त दिवस बंद पडलेलं भांडवल. रात्रीचा ऑपरेटर मिळणं अवघड आहे हे मान्य, पण नवी शेड घेऊन तिथे नेण्यासाठीही ऑपरेटर लागणारच आहे.

दुसरा रस्ता: कच्चा आणि तयार माल ठेवायला जवळच एक साधा गाळा. तिथे वीज कमी लागते, भाडंही कमी पडतं. जीएसटीमध्ये तो ‘अतिरिक्त व्यवसायाचं ठिकाण’ म्हणून दाखवायला विसरू नका. न दाखवलेल्या जागेत माल सापडला तर उत्तर देताना नाकी नऊ येतात. तिसरा रस्ता: डिबरिंग (कडांची कूस काढणं), ड्रिलिंग, पॅकिंगसारखी कामं बाहेर देणं. मात्र क्वालिटी आपल्या हातातून सुटते, म्हणून मी हा सल्ला जपून देतो.

दोन ठिकाणी धंदा पसरला की मालकाचा दिवस रस्त्यात जातो, हा या सगळ्याचा तोटा. भरवशाचा सुपरवायझर नसेल तर दुसरा गाळा डोकेदुखीच ठरतो.

हिशेब: भाड्यातला फरक नव्हे, महिन्याचा फरक

समजण्यासाठी काही आकडे धरू. तुमचे तुम्ही घाला. आत्ताचं भाडं ४५ हजार, नव्या शेडचं १ लाख १० हजार. फरक ६५ हजार. इथेच बहुतेकांचा हिशेब थांबतो. पुढे लिहा: इस्टेटचा मेंटेनन्स ८ हजार, कामगारांसाठी गाडी ३० हजार, मालाची वाढीव वाहतूक १५ हजार, रात्रीचा वॉचमन १८ हजार. महिन्याचा फरक झाला १ लाख ३६ हजार.

आता एकदाच होणारा खर्च. मशीन हलवणं आणि लेव्हलिंग अडीच लाख, वायरिंग, पॅनल, एअर लाइन, फ्लोअरिंग साडेचार लाख, बंद दिवसांत बुडालेली कमाई २ लाख. एकूण ९ लाख. लॉक-इन, म्हणजे जागा सोडता न येण्याची मुदत, ३६ महिन्यांची असेल तर दरमहा २५ हजार. म्हणजे ओझं १ लाख ६१ हजारांचं.

तुमच्या प्रत्येक रुपयाच्या बिलिंगमागे टूलिंग, वीज, कूलंट, मजुरी वजा जाता ४० पैसे उरत असतील, तर हे ओझं फेडायलाच दरमहा ४ लाखांचं जादा बिलिंग हवं. त्यापुढचं जे काही तो नफा. नव्या मशीनचा हप्ता यात धरलेलाच नाही.

मग स्वतःला विचारा: हे ४ लाख कुठून येणार, पार्टीचं नाव काय, आणि तिने ते लेखी दिलंय का? ‘तुम्ही जागा घ्या, काम देतो’ हे परचेसवाल्याचं तोंडी आश्वासन म्हणजे ऑर्डर नव्हे. निदान पार्ट नंबर, महिन्याची अंदाजी संख्या आणि दर असलेलं पत्र मागा. पार्टी पत्र देत नसेल तर तेही उत्तरच आहे.

नफ्याआधी रोकड. भाडं पहिल्या दिवसापासून सुरू होतं, जादा कामाचे पैसे मात्र दोन-तीन महिन्यांनी हातात पडतात. सहा महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट ६ लाख ६० हजार, बसवण्या-हलवण्याचे ७ लाख, पहिल्या तीन महिन्यांचं जादा ओझं ४ लाख. म्हणजे १७-१८ लाख बाजूला असल्याशिवाय निघू नये. हे पैसे सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातून काढायचे असतील तर निर्णय पुढे ढकला, असंच मी सांगेन. कच्च्या मालाला लागणारी मर्यादा फ्लोअरिंगमध्ये गेली की चालता धंदा अडतो.

एक बारीक गोष्ट. व्यावसायिक जागेच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची नेहमीची (कंपोझिशन नसलेली) नोंदणी आहे आणि जागामालकाची नाही, असं असलं तरी १० ऑक्टोबर २०२४ पासून हा कर तुम्हीच रिव्हर्स चार्जने, म्हणजे जागामालकाऐवजी थेट सरकारकडे, रोखीत भरायचा असतो. नेहमीच्या करदात्याला त्याचं क्रेडिट मिळतं, पण पैसे आधी खिशातून जातात.

माणसं येणार का?

भोसरी ते चाकण हे अंतर नकाशावर किरकोळ दिसतं. मोशी, कुरुळी करत सकाळी आठच्या शिफ्टला पोचायचं असेल आणि चाकणच्या तळेगाव चौकात वाहनं अडकली असतील, तर ते किती होतं हे तिथून रोज जाणाऱ्याला विचारा. शेड बघायला गुरुवारी गेलात तर रस्ता मोकळा वाटणारच. सोमवारी किंवा मंगळवारी, शिफ्ट सुटायच्या वेळी, स्वतःच्या गाडीने नव्हे तर कामगार ज्या साधनाने येईल त्याने जाऊन बघा.

मग प्रत्येकाला वेगळं बसवून विचारा. सगळ्यांना एकत्र विचारलंत तर सगळे ‘येतो ना साहेब’ म्हणतात. सेटर (मशीन जुळवून देणारा कारागीर) कुठे राहतो, त्याची बायको कुठे कामाला जाते, मुलांची शाळा कुठे, हे माहीत नसेल तर आता माहीत करून घ्या. हेल्पर नव्या जागी मिळतो. तुमच्या पार्टची टॉलरन्स (मापात चालणारा बारीक फरक) ज्याच्या हातात बसली आहे तो सेटर मिळत नाही. आणि जुन्या गाळ्याशेजारचा माणूस त्याला दोन हजार जास्त देऊन ठेवून घ्यायला टपलेलाच असतो.

यादी करा: कोण नक्की येणार, कोण वर्षभर बघणार, कोण नाही. पहिल्या रकान्यात दोन्ही सेटर नसतील तर माझ्या लेखी जागा नापास, भाडं कितीही स्वस्त असो. गाडी लावणार असाल तर ती किती दिवस, हेही आधीच ठरवून सांगा. सहा महिन्यांनी काढून घेतलेल्या सोयीने जेवढी माणसं जातात तेवढी न दिलेल्या सोयीने जात नाहीत.

पार्टीला आधी सांगा, नंतर नव्हे

वाहन उद्योगाला पार्ट पुरवणाऱ्या नवख्या मालकाला हे सर्वांत उशिरा कळतं. तीच मशीन, तेच टूल, तोच ऑपरेटर, पण जागा वेगळी; तरी हा बदल पार्टीला आधी कळवावा लागतो, आणि पार्टी बहुधा पीपॅप, म्हणजे पार्ट मंजुरीची प्रक्रिया, पुन्हा मागते. त्यात येतात नव्या जागेवर काढलेले नमुने, मोजमापांचे रिपोर्ट, प्रोसेसचे कागद, कधी कधी प्रत्यक्ष ऑडिट. ते मंजूर होईपर्यंत नव्या जागेचा माल घेतला जाईलच असं नाही. आयएसओ ९००१ किंवा आयएटीएफचं (वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाचं) प्रमाणपत्रही पत्त्याला बांधलेलं असतं, त्यामुळे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेलाही कळवायचं.

मंजुरीला वेळ लागतो म्हणून हलण्याआधी माल साठवून ठेवायचा असतो. किती? मशीन बंद राहतील ते दिवस अधिक मंजुरीचे दिवस, गुणिले रोजची मागणी, आणि वर थोडा राखीव माल. हा साठा करायला जुन्याच गाळ्यात जादा शिफ्ट आणि जादा कच्चा माल लागतो, आणि ठेवायला जागा लागते, जी नाही म्हणून तर तुम्ही निघालात! म्हणून जुना आणि नवा गाळा निदान एक महिना दोन्ही हातात असावेत. त्या महिन्याचं दुहेरी भाडं हिशेबात आधीच धरा.

शेड बघताना

भिंतीचा रंग नंतर, मीटर आधी. सँक्शन लोड (मंजूर वीजभार) किती, आणखी हवा असेल तर जवळच्या ट्रान्सफॉर्मरवर शिल्लक आहे का, हे महावितरणच्या उपविभागात जाऊन विचारा. एजंटच्या ‘होऊन जाईल’वर जाऊ नका. महावितरणच्या लघुदाब औद्योगिक दरात २० किलोवॅटपर्यंत एक गट आहे आणि त्यावर दुसरा. वरच्या गटात स्थिर आकार केव्हीए मागणीवर, म्हणजे एका वेळी खेचलेल्या कमाल विजेवर, बसतो. २० किलोवॅट म्हणजे साधारण २७ हॉर्सपॉवर. एक मशीन वाढली की तुम्ही ती रेघ ओलांडता का, हे आधी मांडून बघा. मीटर औद्योगिक आहे की व्यापारी, हेही बिलावरच छापलेलं असतं.

आधीच्या भाडेकरूची थकबाकी आहे का तेही बघा. जुन्या ग्राहकाचं देणं नव्या जोडणीआधी मागण्याचे वीज कंपन्यांचे नियम सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वैध ठरवले आहेत. शेवटचं भरलेलं बिल हातात घेतल्याशिवाय टोकन देऊ नका.

बाकीचं डोळ्यांनी बघायचं. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर ओलीची रेघ असेल तर पावसाळ्यात पाणी येतं. शटरची उंची आणि रुंदी टेपने मोजा, व्हीएमसीच्या कॅटलॉगमधल्या वाहतुकीच्या उंचीशी ताडून बघा. समोर ट्रेलर वळेल का आणि हायड्रा (मशीन उचलायची क्रेन) उभी राहील का? फ्लोअरिंगला भेगा असतील तर मशीनखाली नवं काँक्रीट करावं लागेल. शेजारी फोर्जिंगचा हॅमर किंवा पॉवर प्रेस असेल तर निघा. त्याचा धक्का तुमच्या फिनिशिंगमध्ये दिसतो. शेजारच्या दोन गाळेवाल्यांशी चहा प्या. पाणी, वीज जाण्याच्या वेळा, स्क्रॅप आणि लोडिंगचं काम ‘आम्हालाच द्या’ म्हणून गेटवर कोण येतं, हे सगळं तेच सांगतात.

कागद थोडक्यात. शेड एमआयडीसीच्या भूखंडावर असेल तर जमीन मुळात ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली असते, आणि भूखंडधारकाला ती पोटभाड्याने द्यायला एमआयडीसीची परवानगी लागते. ते पत्र बघा. इमारत पूर्णत्वाचा दाखलाही बघा. एमआयडीसीबाहेर असेल तर जमिनीचा औद्योगिक वापर कायदेशीर आहे का, बांधकामाला मंजुरी आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. ग्रामपंचायतीच्या एका ना हरकत दाखल्यावर उभी असलेली शेड स्वस्त का आहे, ते पुढे कधीतरी कळतं.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, अन्नधंद्यात एफएसएसएआयचा परवाना, हे जागेला बांधलेले असतात. नव्या जागेसाठी नव्याने काढावे लागतात, म्हणून लागणारा वेळ तुमच्या तारखांमध्ये धरा. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात कामगारांचा आकडा २० कडे चालला असेल तर कारखाना म्हणून होणाऱ्या नोंदणीचं सल्लागाराशी आत्ताच बोला, म्हणजे मशीनची मांडणी दोनदा करावी लागणार नाही.

करार

भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे. स्टॅम्पवर नोटरी करून भागवू म्हणणारा मालक पुढे जीएसटीचा पत्ता बदलतानाही अडचणीत आणतो. लीव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंतचा असेल तर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, हे वाचवण्यासारखे पैसे नव्हेत.

लॉक-इन दोन्ही बाजूंनी सारखं ठेवू नका. तुम्ही लाखो रुपये जमिनीत आणि वायरिंगमध्ये घालणार, म्हणून मालकाने तुम्हाला तीन वर्षं काढायचं नाही, आणि तुमचं बंधन एक वर्षाचं असावं, असं मागा. मिळेलच असं नाही, पण दीड वर्षावर तडजोड होते. मशीन बसवण्यासाठी पहिला महिना बिनभाड्याचा मागा. शेड बरेच दिवस रिकामी असेल तर मालक मान्य करतो. वीज वाढवण्यासाठी त्याची सही लागेल ती किती दिवसांत देणार, हे करारात लिहून घ्या. पॅनल, केबल, एअर लाइन तुमची आहे आणि जाताना तुम्ही नेणार, हेही.

हलवताना

सगळ्या मशीन एका दिवशी उचलू नका. कमी कामाची आधी न्या, ती बसवा, वीज आणि हवा तपासा, मग मुख्य मशीन. व्हीएमसीचे अ‍ॅक्सिस कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरकडून लॉक करून घ्या. हायड्रावाल्याचा ‘शेकडो मशीन हलवल्यात’ हा अनुभव स्पिंडलच्या कामाचा नसतो. नव्या जागी लेव्हलिंग झाल्यावर एक-दोन दिवस मशीन चालवून पुन्हा लेव्हल बघा, काँक्रीट नवं असेल तर महिन्याने परत एकदा.

मशीनवर कर्ज असेल तर बँकेला आधी लेखी कळवा. आगीचा विमा पत्त्यावर असतो, म्हणून पहिली मशीन निघायच्या आधी नवा पत्ता पॉलिसीत घाला आणि वाहतुकीचा विमा वेगळा घ्या. स्वतःच्याच मशीन नेतानाही डिलिव्हरी चलन लागतं, आणि राज्यांतर्गत किंमत १ लाखाच्या वर असेल तर ई-वे बिलही.

जीएसटीमध्ये मुख्य पत्ता बदलल्यावर १५ दिवसांत दुरुस्तीचा अर्ज करायचा असतो. जुना गाळा रिकामा होईपर्यंत तो अतिरिक्त ठिकाण म्हणून ठेवा. उद्यम नोंदणी, पीएफ, ईएसआयसी, बँक, पार्टीचं व्हेंडर मास्टर (तिच्याकडची पुरवठादारांची नोंद) यांचे पत्ते त्याच आठवड्यात बदला. व्हेंडर मास्टरमध्ये जुना पत्ता राहिला आणि बिलावर नवा आला की पार्टीच्या अकाउंट्समध्ये पेमेंट अडकतं, आणि ते सोडवायला महिना जातो.

जुना गाळा सोडताना रिकाम्या गाळ्याचे, मीटरच्या रीडिंगचे आणि शटरचे तारखेसह फोटो काढा. मीटर तुमच्या नावावर असेल तर ते बंद करायचा किंवा नाव बदलायचा अर्ज करा. महावितरणकडे भरलेली सुरक्षा ठेव अर्ज केल्यावर परत मिळते. किल्ली द्याल तेव्हा दोन ओळींचा ताबा पोचल्याचा कागद करून मालकाची सही घ्या. डिपॉझिटच्या चेकची तारीख त्याच कागदावर लिहा.